वनस्पति-चहांतील भेसळ आणि डीएनए-परीक्षा : उत्पादकांची बाजू

तुळस, गवती चहा, आलें, अश्वगंधा, शतावरी इत्यादि वनस्पतींचीं वाळविलेलीं पानें व मुळ्या यांच्या पुड्या करून त्या ‘हर्बल टी’ या नांवानें विकण्याचा धंदा अलीकडे बराच वाढला आहे. शास्त्राच्या दृष्टीनें चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाचीं पानें. बाकीचे सारे काढे होत. परंतु ‘वनस्पति-चहा’ हा शब्द आतां लोकांच्या तोंडीं बसला आहे, म्हणून या लेखांत तोच वापरला आहे. या धंद्यास लागणारा माल पिकविणाऱ्या शेतकऱ्यांपुढें सध्यां एक नवा प्रश्न उभा राहत आहे. पुडीवर लिहिलेलीच वनस्पति आंत आहे कीं दुसरीच कांहीं आहे, हें डीएनए-परीक्षेनें सांगतां येऊं लागलें आहे, आणि ही परीक्षा हळूहळू प्रयोगशाळेंतून व्यापारांत उतरत आहे. उत्पादकांनीं तिचें स्वागत करावें कीं तिला भ्यावें? आमचें मत असें कीं, स्वागतच करावें. परंतु ती कोठें, कोणत्या नमुन्यावर आणि कोणाच्या देखत व्हावी, हें ठरविण्यांत उत्पादकाचा हात असलाच पाहिजे. तो नसेल तर भेसळ करणारा सुटेल आणि शेतकरी अडकेल.

भेसळीमुळें ग्राहक फसतो हें सर्वांस कळतें. तिच्यामुळें प्रामाणिक उत्पादक कसा नागविला जातो, याची चर्चा मात्र क्वचित् होते. तुळशीचेंच उदाहरण घ्या. एक शेतकरी खात्रीचें बीं आणून लागवड करतो, योग्य वेळीं कापणी करतो, पाला सावलींत पातळ पसरून वाळवितो, काळीं पडलेलीं पानें व जाड देंठ निवडून काढतो आणि मग माल पोत्यांत भरतो. दुसरा कोणी सब्ज्याचा पाला, रानतुळस, मागील वर्षाचें उरलेलें वाळवण आणि देंठांचा चुरा एकत्र करून दळतो. भुकटी झाल्यावर दोन्ही माल डोळ्यांस जवळजवळ सारखेच दिसतात. दुसऱ्याचा खर्च थोडा असल्यामुळें तो कमी भावानें देऊं शकतो, आणि खरेदीदार तोच भाव पहिल्यासहि सांगतो. अशा रीतीनें खोट्या मालाचा भाव हाच खऱ्या मालाचा भाव होऊन बसतो. दोनतीन हंगाम असे गेले कीं पहिला शेतकरी एक तर लागवड सोडतो, नाहीं तर देंठ निवडणें सोडतो. कसेंहि झालें तरी बाजारांतून चांगला माल नाहींसा होतो. म्हणून खरें-खोटें निवडणारें विश्वासू साधन मिळणें ही ग्राहकापेक्षांहि आपली गरज अधिक आहे.

ओळखण्याचीं जुनीं साधनें म्हणजे डोळा, नाक व जीभ, आणि त्यांच्या पुढें सूक्ष्मदर्शक व रासायनिक पृथक्करण. हीं टाकाऊ मुळींच नाहींत. परंतु एकमेकींच्या जवळच्या दोन जाति वाळून चुरल्या गेल्या म्हणजे अनुभवी माणूसहि फसतो, आणि त्याचा परिणाम कधीं कधीं जिवावर बेततो. मसाल्यांत आपण वापरतों तें चक्रफूल निरुपद्रवी आहे. त्याच गणांतील जपानी चक्रफूल मात्र विषारी असून त्यानें आंकडी येते. दोहोंचीं वाळलेलीं फळें नुसत्या डोळ्यांनीं वेगळीं ओळखणें फार कठीण. २००१ सालीं नेदरलंड्समध्यें चक्रफुलाचा चहा प्याल्यानें सुमारें साठ माणसें आजारी पडलीं, तेव्हां त्यांत जपानी जातीची मिसळ आढळून आली. पुढें २००३ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें चक्रफुलाचा चहा पिऊंच नये असा इशारा लोकांस दिला; तेथें आजारी पडलेल्यांत तान्हीं मुलेंहि होतीं. हा इशारा सर्वच चक्रफुलाच्या चहाविषयीं होता. खरें कोणतें व खोटें कोणतें हें ग्राहकास ओळखतां येत नसल्यामुळें निर्दोष मालहि त्यांत सांपडला. शेतकऱ्यांनीं या गोष्टीचा हा भाग विशेष लक्षांत ठेवावा. ओळख पटविण्याचें साधन हातीं नसलें म्हणजे एकाच्या अपराधाची शिक्षा सर्वांस होते.

खुद्द चहाहि या रोगापासून मुक्त नाहीं. कोंकण व गोव्याच्या वाचकांस काजूच्या टरफलाची ओळख करून देण्याची गरज नाहीं. त्याची पूड रंगानें चहाच्या पुडीशीं मिळतीजुळती असल्यामुळें ती चहांत मिसळण्याची लबाडी होते. हिमाचल प्रदेशांतील पालमपूर येथील शास्त्रज्ञांनीं बाजारच्या चहांतील ही मिसळ डीएनएवरून ओळखण्याची रीत २००३ सालीं प्रसिद्ध केली. मात्र प्रत्येक भेसळीमागें लबाडीच असते असें नाहीं. युरोपांत बांबूच्या पानांचा चहा विकतात. अशा आठ चहांची परीक्षा जर्मन शास्त्रज्ञांनीं केली व ती २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. आठांपैकीं चारांत एका फुलझाडाची, चिनी कार्नेशनची, मिसळ सांपडली. या झाडास चिनी भाषेंत ‘शी-झू’ म्हणतात व त्याचा शब्दशः अर्थ ‘दगडी बांबू’ असा होतो. नांवाच्या घोटाळ्यानें काय होऊं शकतें हें यावरून दिसेल. तें फुलझाड चिनी वैद्यकांत औषध म्हणून प्रसिद्ध असून गर्भवती स्त्रियांस तें वर्ज्य मानलें आहे. म्हणजे चूक निष्पाप असली तरी तिचा परिणाम निष्पाप असतोच असें नाहीं.

आतां ही परीक्षा आहे तरी काय, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नांवाचें द्रव्य असतें. चार प्रकारच्या घटकांची ती एक फार लांब माळ असून त्या घटकांचा क्रम निरनिराळ्या जातींत निरनिराळा असतो. वाळलेल्या पानाच्या चिमूटभर चुऱ्यांतहि हें द्रव्य शिल्लक राहतें. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरी मलिस यांनीं १९८३ सालीं अत्यल्प डीएनएच्या असंख्य प्रती नळींत तयार करण्याची पीसीआर ही युक्ति शोधून काढली; तिच्याबद्दल त्यांस १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें २००३ सालीं कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनीं असें सुचविलें कीं, सबंध माळ वाचण्याचें कारण नाहीं. ठराविक जागचा एक लहान तुकडा वाचून प्राण्याची जाति ओळखावी. दुकानांतील मालावर छापलेल्या उभ्या रेघांवरून तिला ‘डीएनए बारकोड’ असें नांव पडलें. वनस्पतींसाठीं कोणते तुकडे वाचावे यावर बराच काळ वाद चालला, आणि २००९ सालीं आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळानें पानांच्या हरितकणांतील आरबीसीएल व मॅटके हे दोन तुकडे मुख्य म्हणून पुढें केले. तुकडा वाचल्यावर तो खात्रीनें ओळखलेल्या वनस्पतींच्या नोंदींशीं ताडून पाहतात. जुळला तर जाति ठरते. एका पुडींत पांच वनस्पती असल्या तर साध्या वाचनांत पांचांचे क्रम एकमेकांत मिसळून जातात. त्यासाठीं हजारों तुकडे वेगवेगळे वाचणारीं नवीं यंत्रें लागतात.

ही रीत वनस्पति-चहास लावून पाहण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग न्यूयॉर्क शहरांत झाला. रॉकफेलर विद्यापीठाचे मार्क स्टॉकल यांच्या मार्गदर्शनाखालीं शाळेंतील विद्यार्थ्यांनीं तो केला आणि २०११ सालीं त्याचा वृत्तांत शास्त्रीय नियतकालिकांत छापून आला. त्यांनीं ७३ वनस्पति-चहा आणि ७३ साधे चहा जमविले. १७ देशांतील ३३ उत्पादकांचा तो माल होता. सुमारें नव्वद टक्के मालांतून वाचण्याजोगा डीएनए मिळाला. वनस्पति-चहांपैकीं सुमारें एक-तृतीयांशांत वेष्टनावर न लिहिलेल्या वनस्पती आढळल्या. साध्या चहांत हें प्रमाण अगदीं अल्प होतें. शाळेंतील मुलांना जें साधलें तें आपल्या आवाक्याबाहेरचें नाहीं, हा एक बोध. परंतु दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. न लिहिलेल्या वनस्पतींत कॅमोमाईलसारख्या, दुसऱ्या चहांत घातल्या जाणाऱ्या वनस्पती होत्या, तशींच रानगवतासारखीं तणेंहि होतीं. शिवाय निवाडा करण्याच्या मार्गांत तीन अडचणी आल्याचें शास्त्रज्ञांनीं स्वतःच नमूद केलें आहे: ताडून पाहण्याच्या नोंदी अपुऱ्या, कांहीं जवळच्या जातींचे तुकडे एकसारखे किंवा जवळजवळ एकसारखे, आणि वनस्पतींच्या लौकिक नांवांत एकवाक्यता नाहीं. त्या अडचणी आज कमी झाल्या असल्या तरी नाहींशा झालेल्या नाहींत. गवती चहा आणि रोशा हीं दोन्ही गवतें एकाच गणांतील आहेत. एका लहानशा तुकड्यावरून त्यांचा निवाडा होईलच असें गृहीत धरणें धोक्याचें आहे.

परीक्षेला काय सांगतां येत नाहीं, तेंहि उत्पादकांनीं नीट समजून घेतलें पाहिजे. अश्वगंधेच्या मुळींत आणि पानांत डीएनए एकच असतो. आयुष मंत्रालयानें २०२१ सालीं अश्वगंधेचीं पानें न वापरण्याविषयीं उत्पादकांस सूचना केली. परंतु मुळीच्या भुकटींत पानें दळून घातलीं आहेत कीं काय, हें डीएनए सांगणार नाहीं. त्यासाठीं सूक्ष्मदर्शक व रासायनिक परीक्षाच हवी. एकदां उकळून वाळविलेली चहाची पत्ती पुन्हां विकली तरी ती चहाचीच पत्ती. कृत्रिम रंग, वाळू, लोखंडाचा कीस यांना डीएनए नसतोच. तुळशींत सब्जा आहे एवढें परीक्षा सांगेल. तो शंभरांत एक आहे कीं चाळीस आहे, हें ती भरंवशानें सांगत नाहीं, कारण डीएनएच्या प्रती काढतांना कांहीं वनस्पतींच्या प्रती जास्त निघतात व कांहींच्या कमी. आणि वनस्पतीचा अर्क काढला कीं त्यांत डीएनए फारच थोडा उरतो किंवा मोडून तुकडे तुकडे होतो.

या शेवटल्या मुद्द्यावरून अमेरिकेंत मोठा वाद झाला. २०१५ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क राज्याचे त्या वेळचे महान्यायवादी एरिक श्नायडरमन यांनीं चार मोठ्या दुकानदार कंपन्यांस त्यांच्या नांवावर विकल्या जाणाऱ्या वनौषधींच्या गोळ्या मागें घेण्याविषयीं पत्रें पाठविलीं. त्यांनीं करविलेल्या डीएनए-परीक्षांपैकीं केवळ २१ टक्क्यांत वेष्टनावर लिहिलेली वनस्पति सांपडली होती. त्यावर अनेक शास्त्रज्ञांनीं आक्षेप घेतला कीं, अर्कापासून केलेल्या गोळींत डीएनए न सांपडणें हा भेसळीचा पुरावा नव्हे. परीक्षाच चुकीच्या जागीं लावली गेली. दोन्ही बाजूंचें म्हणणें येथें तोलण्याचें कारण नाहीं. पुढच्याच महिन्यांत त्यांपैकीं एका कंपनीनें राज्याशीं जो करार केला, त्यांतील एक कलम मात्र आपल्या कामाचें आहे. तें असें कीं, वनस्पतीवर प्रक्रिया होण्यापूर्वीं, कच्च्या मालावरच डीएनए-परीक्षा करावी. म्हणजे एवढ्या वादांतून परीक्षेची योग्य जागा म्हणून जी निघाली, ती शेतकऱ्याच्या दाराजवळची आहे. पान जोंवर पान आहे, त्यावर पाणी, उष्णता व दळणयंत्र यांचे संस्कार झालेले नाहींत आणि तें कोणत्या शेतांतून आलें हें सांगणारा माणूस समोर उभा आहे, तोंवरच या परीक्षेचा निकाल सर्वांत स्वच्छ मिळतो. पाल्याचीं पोतीं दहा हातांतून गेल्यावर निकाल लागला, तर दोष कोणत्या हातानें केला हें डीएनए सांगत नाहीं.

आणि येथेंच उत्पादकास खरें भय आहे. ही परीक्षा फार संवेदनशील आहे. शेतांतील हरळीचें वा गाजरगवताचें एखाददुसरें पान, शेजारच्या वाफ्यांतून आलेला पाला, ज्या ताडपत्रीवर काल दुसरें पीक वाळविलें तिच्यावरची धूळ, जुन्या पोत्यांत राहिलेला चुरा, या सर्वांच्या खुणा तिला सांपडूं शकतात. आपल्या आयुर्वेदीय औषधिसंहितेंत अनेक द्रव्यांसाठीं बाह्य पदार्थांची कमाल मर्यादा वजनाच्या टक्क्यांत दिलेली आहे, कारण शेतांतून येणारा माल शंभर टक्के निर्भेळ असणें शक्य नाहीं हें जाणत्यांनीं मान्य केलें आहे. डीएनएच्या निकालावर मात्र वजन लिहिलेलें नसतें. ‘अमुक वनस्पति आढळली’ एवढेंच असतें. हा कागद भाव पाडूं पाहणाऱ्या खरेदीदाराच्या हातीं पडला कीं गवताच्या चार काड्या आणि पोत्यामागें पायलीभर सब्जा यांत फरक राहत नाहीं. दोन्ही ‘भेसळ’. शेतकऱ्याचा माल परत, नाहीं तर निम्म्या भावांत. आणि तोच माल पुढें कोणत्या पुडींत जातो, हें पाहायला शेतकरी तेथें नसतो.

कायदा याबाबतींत आपल्यास कितपत आधार देतो? २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या ४७ व्या कलमांत नमुना कसा घ्यावा हें सांगितलें आहे. अधिकाऱ्यानें नमुन्याचे चार भाग करावयाचे. एक विश्लेषकाकडे जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यांत राहतात, आणि व्यावसायिकानें मागणी केल्यास चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवितां येतो. विश्लेषकाच्या निकालावर अपील करण्याचीहि सोय आहे. तत्त्व उघड आहे: ज्याच्यावर आरोप येईल त्याला दुसऱ्यांदां परीक्षा करून घेण्याची संधि मिळाली पाहिजे. परंतु याच कायद्यांत शेतीचा कच्चा माल शेतकऱ्याच्या हातीं असेपर्यंत कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं. यामुळें शेतकऱ्यामागें निरीक्षकांचा ससेमिरा लागत नाहीं, हें ठीकच आहे. मात्र त्याबरोबर चार भागांच्या नमुन्याचें संरक्षणहि त्याला मिळत नाहीं. खरेदीदार आपल्या वखारींत, आपल्या माणसाकडून, आपल्याला हवा तसा नमुना काढतो आणि निकाल कळवितो. कायद्यानें व्यापाऱ्यास जें दिलें, तें शेतकऱ्यानें सौद्याच्या अटींत स्वतः मिळविलें पाहिजे. तें एकट्यादुकट्याचें काम नव्हे, संघाचें आहे.

यास्तव पुढील पांच गोष्टी संघानें हातीं घ्याव्या, अशी आमची सूचना आहे.

पहिली गोष्ट नांवाची. विक्रीच्या प्रत्येक पावतीवर लौकिक नांवाबरोबर वनस्पतीचें शास्त्रीय नांव व तिचा भाग, म्हणजे पान, मूळ कीं पंचांग, लिहिला जावा. शंखपुष्पी या एका नांवाखालीं देशांत निदान चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. ब्राह्मी म्हणून कोठें बाकोपा देतात, तर कोठें सेंटेला. एका प्रांताच्या समजुतीनें प्रामाणिकपणें दिलेला माल दुसऱ्या प्रांतांत भेसळ ठरूं शकतो. सौद्याच्या वेळींच शास्त्रीय नांव ठरलें तर पुढें हा वाद उरणार नाहीं.

दुसरी गोष्ट मूळ झाडाची. प्रत्येक सभासदाच्या लागवडींतून फुलावर आलेली एक फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवावी आणि गांव, गट क्रमांक व तारीख लिहून संघाच्या दप्तरीं ठेवावी. त्याच झाडाचीं दोन पानें सिलिका जेल घातलेल्या बंद डबींत वेगळीं ठेवावीं. झाडाची ओळख एकदां जाणत्याकडून पटवून घ्यावी. पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम विभागीय केंद्र व आघारकर संशोधन संस्था, आणि मुंबईस सेंट झेवियर्स महाविद्यालयांतील ब्लॅटर हर्बेरियम येथें असे संग्रह आहेत. परीक्षेच्या निकालास शेवटीं मोल येतें तें ताडून पाहण्याच्या नमुन्यामुळें. तो नमुना आपल्याजवळ असावा.

तिसरी गोष्ट नमुन्याच्या वांटणीची. माल संघाच्या वखारींतून निघतांना उत्पादक व खरेदीदार दोघांच्या देखत नमुना काढून त्याचे तीन भाग करावे व प्रत्येकावर दोघांची मोहोर करावी. एक प्रयोगशाळेस, एक खरेदीदारास व एक संघाकडे. वाद झाल्यास संघाकडील भाग दोघांस मान्य अशा दुसऱ्या प्रयोगशाळेंत जावा आणि तिचा निकाल दोघांनीं पाळावा. ही अट लिहून दिल्यावांचून डीएनए-परीक्षेची अट कोणीहि पत्करूं नये.

चौथी गोष्ट मर्यादेची. परीक्षेंत परकी वनस्पति आढळली तर माल लगेच नाकारला जाऊं नये. नमुना निवडून तिचें वजन करावें किंवा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा, आणि औषधिसंहितेंत दिलेली वजनाची मर्यादा प्रमाण धरावी. मात्र सांपडलेली वनस्पति विषारी असेल तर कोणतीहि मर्यादा मागूं नये. तो माल बाजूस काढलाच पाहिजे. चक्रफुलाचा अनुभव हेंच सांगतो.

पांचवी गोष्ट आपल्या स्वतःच्या शिस्तीची. कापणीपूर्वीं तण काढणें, प्रत्येक पिकास वेगळी ताडपत्री व नवीं पोतीं वापरणें, पाला कातरण्याचें यंत्र एका पिकानंतर झाडून-पुसून मगच दुसऱ्यास लावणें, हीं कामें खर्चाचीं नसून संवयीचीं आहेत. जो सभासद बाहेरचा पाला विकत घेऊन आपला म्हणून संघांत घालील, त्याच्याशीं संघानें कठोरपणें वागावें. खरेदीदारास न्याय मागणाऱ्यांनीं आपल्या घरांतील भेसळ झांकणें शोभत नाहीं, आणि ती फार दिवस झांकली राहणारहि नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं, हा सारा परदेशी श्रीमंतांचा खेळ आहे. आपल्या शेतकऱ्यानें त्यांत कशास पडावें? परंतु ब्रिटिश औषधिसंहितेनें २०१६-१७ च्या सुमारास वनस्पतींच्या ओळखीसाठीं डीएनएची रीत आपल्या पानांत घेतली, तेव्हां आरंभींच जी वनस्पति निवडली ती आपल्या अंगणांतील तुळस होती. आपण त्यांत पडूं अगर न पडूं, आपला माल पडलेलाच आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. एकेका शेतकऱ्यानें आपल्या चारसहा पोत्यांची अशी परीक्षा करवावी असें कोणीच म्हणणार नाहीं. सर्वांचा एका जातीचा माल एकत्र येतो तेव्हां प्रत्येक ढिगामागें एक परीक्षा पुरते; तीहि डोळ्यानें व सूक्ष्मदर्शकानें पाहून झाल्यावर, शंका असेल तेथें किंवा खरेदीदार वाढीव भाव देणार असेल तेथें करावी. वाढीव भाव न देतां केवळ परीक्षेचा बोजा उत्पादकावर टाकणारा सौदा संघानें नाकारावा. परीक्षेनें खरा ठरलेला माल आणि परीक्षा न झालेला माल एकाच भावानें घ्यावयाचा असेल, तर परीक्षेचा लाभ कोणास झाला?

लागवड करणाऱ्या शेतकऱ्याजवळ एक भांडवल असें आहे कीं जें रानांतून गोळा झालेल्या व अनेक हातांतून फिरलेल्या मालाजवळ नसतें. हें झाड कोणतें, कोणत्या शेतांतलें, केव्हां कापलें, कोणी वाळविलें, हें तो सांगूं शकतो. आजवर या सांगण्यास बाजारांत किंमत नव्हती, कारण तें सिद्ध करतां येत नव्हतें. डीएनए-परीक्षेनें त्याचा एक भाग सिद्ध करतां येतो. उरलेला भाग संघाच्या दप्तरानें व मोहोरबंद नमुन्यानें सिद्ध होईल. दोन्ही जोडीनें असतील तर भाव ठरवितांना आपल्यास बोलण्यास जागा मिळेल. एकटी परीक्षा खरेदीदाराच्या हातीं राहिली तर ती आपल्याविरुद्ध बोलेल. संघाच्या पुढील वार्षिक सभेंत मोहोरबंद नमुन्याच्या अटीचा ठराव कोणीतरी सभासदानें मांडावा, आणि ज्यांची लागवड या हंगामांत फुलावर येईल त्यांनीं त्या सभेची वाट न पाहतां एकेक फांदी दाबून ठेवावी, अशी आमची सभासद बंधुभगिनींस आग्रहाची विनंति आहे.